हायलुरोनिक अ‍ॅसिड सीरम, खारपाणपट्ट्यात सहा महिने वापरून

मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात राहते, रोज स्कुटीने दर्यापूरला कामाला जाते. आमचा सगळा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी इतकं खारं की स्टीलच्या बादलीला आठ दिवसात पांढरा थर बसतो, आणि आंघोळ करून अंग वाळलं की तोच थर अंगावर बसल्यासारखा वाटते. दिवाळी झाली की गालावर हात फिरवला तर खरखर लागते, नखाने ओढलं तर पांढरी रेघ उठते. इकडे हे घरोघरी आहे म्हणून कोणी बोलत नाही, खोबरेल लावतात अन् कामाला लागतात. पण मला त्रास व्हायचा, तोंड धुतलं की ओढल्यासारखं व्हायचं, म्हणून नोव्हेंबरात हे सीरम ऑनलाइन मागवलं. २ टक्केवालं, ३० मिलीची ड्रॉपरची बाटली, साडेपाचशेला पडली. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे सांगायचं आहे ते या प्रकारच्या सगळ्याच बाटल्यांना लागू आहे.

पहिले पंधरा दिवस मी वैतागले. संध्याकाळी घरी आलं की फेसवॉशने तोंड धुवायचं, टॉवेलने खसाखसा पुसायचं, मग सवडीने सहासात थेंब चोळायचे अन् वरून काहीच नाही. लावल्या लावल्या गार छान वाटायचं, चकाकी पण यायची, पण दहा मिनिटांनी चेहऱ्याला खळ देऊन वाळत घातल्यासारखं कडक. हसलं की ओठांच्या कोपऱ्यात चरचर. आधीपेक्षा जास्त कोरडं! एक स्टार देऊन मोकळी होणार होते खरंच.

मग नणंद आली, ती अमरावतीला बी फार्म करते. मी लावताना तिने पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही कोरड्यावरच लावता काय? हे पाणी आणत नाही, असलेलं धरून ठेवते." तेवढ्या एका वाक्यात माझं सगळं चुकत होतं ते कळलं. हे द्रव्य पाणी ओढून धरणारं आहे. हवेत ओलावा असला तर हवेतून घेते, हवा कोरडी असली तर घेणार कुठून, मग कातडीच्याच आतल्या थरातलं वर ओढते आणि ते वाऱ्याने उडून जाते. व्हिडिओत मुंबईची पोरगी नुसतं सीरम लावून दाखवते, तिचं बरोबर आहे, तिकडे समुद्राची दमट हवा. आपल्याकडे हिवाळ्यात ओठ फुटतात आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी ओली ओढणी दोरीवर टाकली की वळून पाहीपर्यंत वाळते. इथे पाणी आपणच द्यायचं आणि वरून झाकण पण आपणच घालायचं.

आता करते ते असं. तोंड बोअरच्याच पाण्याने धुते पण शेवटचा एक ग्लास कॅनच्या पाण्याचा मारते, हे माझं स्वतःचं आहे, नणंदेने सांगितलं नव्हतं, पण खार निघून गेल्यावर लावलेलं आणि खार असताना लावलेलं यात मला फरक जाणवतो. टॉवेल लावायचा नाही, हाताने निथळायचं, चेहरा ओला पाहिजे पण थेंब टपकायला नको. त्यावर तीन थेंब, बस. चोळायचं नाही, तळव्याने दाबत दाबत बसवायचं, मानेवर पण. आणि मिनिटभरात, चेहरा अजून ओलसर आहे तोवरच वरून क्रीम. क्रीम महागडी नको, ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली असलेली साधी डब्यातली चालते. हिवाळ्यात रात्री गालांवर नखभर व्हॅसलिन अजून वरून. मधे फोन आला, सीरम वाळून गेलं, तर पुन्हा पाण्याचा हात फिरवते आणि मग क्रीम लावते, कोरड्या सीरमवर क्रीम चोळली की खोडरबरने खोडल्यावर निघतात तसे बारीक पांढरे लोळे निघतात. जास्त थेंब घेतले तरी निघतात. सकाळी याच्यावर सनस्क्रीन लागतेच, सीरम ऊन अडवत नाही.

सासूबाईंना 'अ‍ॅसिड' ऐकूनच धडकी भरली होती. "काव वं, तोंडाले अ‍ॅसिड लावून राहिली का तू? जळलं बिळलं त कोन निस्तरन?" त्यांचं बरोबरच होतं, त्यांना अ‍ॅसिड म्हणजे हरभऱ्याची आंब, हरभरा सोंगताना फुटलेल्या बोटांत गेली की आग आग होते. त्यांना सांगितलं की हे तसं नाही, कातडी सोलत नाही, हे आपल्या अंगात आधीच असते, कातडीत, सांध्यात, डोळ्यात. मग नणंदेने भर घातली की १९३४ साली अमेरिकेत कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी हे पहिल्यांदा गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं काढलं. झालं! सासूबाई माळकरी, बाटली फेकायचंच बाकी ठेवलं. आता हे बहुतेक जिवाणूंपासून आंबवून बनवतात, जनावराचं नसते, हे समजवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. तुमच्या घरी पण कोणी माळकरी असेल तर बाटलीवर व्हेगन किंवा हिरवा ठिपका पाहून घ्या.

फरक पडला का तर हो, आणि लवकर पडला, साधारण आठवड्यात तोंड धुतल्यावरचं ओढणं बंद झालं. महिन्याने नखाची पांढरी रेघ उठेनाशी झाली. डोळ्यांखालच्या बारीक रेघा भरल्यासारख्या दिसतात पण त्या पाण्याने फुगलेल्या असतात, दोन दिवस लावलं नाही की परत जशाच्या तशा. वांग जात नाही. गोरंपण येत नाही, तालुक्यातल्या एका दुकानात मला "याने गोऱ्या व्हाल ताई" असं सांगितलं होतं ते साफ खोटं आहे आणि गावातल्या पोरी अशाच बोलण्यावर घरचे पैसे घालतात याचं मला फार वाईट वाटते. टाचांच्या भेगांना लावून पाहिलं, फुकट गेलं, तिथे व्हॅसलिन आणि मोजेच. खोक्यावर लिहिलेलं 'वजनाच्या १००० पट पाणी धरते' वाचून पण भुलू नका, धरायला आधी पाणी तर पाहिजे.

घेताना मागची यादी वाचा. सोडियम हायलुरोनेट लिहिलं असेल तरी तेच आहे, त्याचं मीठ. मोठ्या रेणूचं वर पापुद्रा धरून बसते, लहान रेणूचं वरच्या थरात थोडं आत जाते, दोन्ही असलेलं बरं. वास घातलेलं घेऊ नका, मी आधी कानामागे दोन दिवस लावून पाहिलं होतं.

एप्रिलपासून रात्री कूलरसमोर झोपतो, त्याची हवा ओली असते म्हणून तेव्हा व्हॅसलिन बंद केलं, नुसतं सीरम आणि हलकी क्रीम, पुरते. सकाळी स्कुटीवर मात्र स्कार्फ बांधल्याशिवाय कोणतंच सीरम काही करू शकत नाही, ती लू बारा किलोमीटरमध्ये सगळं शोषून घेते.

बाटली तीन महिने पुरली, दुसरी आता संपत आली, तिसरी मागवली. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला कारण 'ओल्या चेहऱ्यावर लावा' हे त्यांनी खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, ते पण फक्त इंग्रजीत छापलं आहे. यावेळी जावेसाठी पण एक मागवली, तिच्या बाटलीवर मी मार्करने मराठीत लिहून दिलं: आधी पाणी, मग हे, मग लगेच क्रीम.