मार्व्हलस डिझायनर: स्कॅन केलेल्या अंगावर महेश्वरी नऊवारी

मार्व्हलस डिझायनर म्हणजे संगणकावर त्रिमितीय कपडे शिवायचं सॉफ्टवेअर. परकर-पोलकं करायचं तर ते फारच छान आहे: बेतलेले भाग मांडा, शिवणी जोडा, सिम्युलेशन (कापड अंगावर कसं पडेल याचं गणित) चालवा, झालं. खरी परीक्षा नऊवारीची. इंदुरात महेश्वरी विकणाऱ्याला डिजिटल कॅटलॉगमध्ये ती दाखवायची असेल, तर सुमारे 8.2 मीटर न शिवलेलं कापड माणसाच्या स्कॅनवरून केलेल्या डिजिटल पुतळ्याला नेसवावं लागतं.

निम्मं काम स्कॅनवरच ठरतं. हात अंगापासून निदान 30 अंश दूर, पाय चांगले फाकलेले हवेत. मांड्या टेकलेल्या असल्या तर स्कॅनमध्ये एकजीव होतात आणि काष्टा मागे न्यायला वाटच उरत नाही. काखेचंही तेच. भोकं बुजवून, पुतळ्याच्या पृष्ठभागाची त्रिकोणी जाळी हलकी करून मगच ओबीजे (त्रिमितीय आकाराची) फाइल आणा. मापाच्या एककासाठी त्या फाइलवर अवलंबून राहता येत नाही, म्हणून आत आणल्यावर उंची आणि कंबर खऱ्या मापाशी ताडून बघा.

काष्ट्यापाशी सगळ्यात जास्त बिघडतं. स्किन ऑफसेट, म्हणजे अंग आणि कापड यांत राखलेली फट, मुळात 3 मिमी असतो. दोन मांड्यांचे 6 मिमी त्यातच गेले, वर निऱ्यांचे थर. मग कापड थरथरतं, अंगात घुसतं. ऑफसेट 1 मिमीवर आणा. कमरेच्या गाठीच्या जागी आधी पिना लावा, नाहीतर काष्टा ओढताना अख्खी साडी खाली सरकते.

पार्टिकल डिस्टन्स (कापडाच्या जाळीतल्या बिंदूंमधलं अंतर) 20 मिमी असताना 1.15 मीटर पन्ह्याच्या नऊवारीत साधारण 24 हजार बिंदू होतात. 5 मिमी केलं की सोळापट, म्हणजे पावणेचार लाखांच्या वर! निऱ्या, काष्टा, पदर सगळं 20 वरच बसवा. 5 अगदी शेवटी.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते कापडाचं पान. पारंपरिक महेश्वरीत ताण्याला रेशीम, बाण्याला सूत, आणि इथे दोन्ही दिशांचा वाक वेगवेगळा ठरवता येतो. पदराची पड त्यानेच खरी वाटते. मात्र साडी आडवी मांडली असेल तर ग्रेनलाइनही (ताण्याची दिशा दाखवणारी रेघ) 90 अंश फिरवा. ती तशीच राहिली तर रेशमाचे गुण सुताला लागतात आणि निऱ्या ताठ उभ्या राहतात.

काठ-बुट्ट्यांना त्रास नाही. साडी सरळ आयत असल्यामुळे सपाट पसरून, सारख्या उजेडात काढलेले फोटो जोडून थेट चढवता येतात. पदराचा फोटो वेगळा घ्या.