डबस्टेप: आधी स्क्रीम की स्क्रिलेक्स?

एक मित्र अडकलाय की डबस्टेप (जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकायची सुरुवात स्क्रीमच्या 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन'ने (२००५) करू की स्क्रिलेक्सच्या 'स्केअरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स'ने (२०१०). खरं डबस्टेप कुठलं हे भांडण राहू दे बाजूला, स्क्रिलेक्सला ग्रॅमी मिळालं वगैरे पण सोड.

टेम्पो दोन्हीकडे मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास आणि स्नेअर (ड्रमचा कडक 'टक्' आवाज) चारातल्या तिसऱ्या ठोक्यावर, म्हणून फास्ट असूनही डुलायला होतं. फरक बेसमध्ये (गाण्याच्या जाड, घुमणाऱ्या आवाजात) आहे. स्क्रिलेक्सकडे आधी गोड तुकडे तुकडे केलेला आवाज, मग एक मुलगी किंचाळते आणि ड्रॉप (गाणं एकदम फुटतं ती जागा) असा येतो की बेस अक्षरशः गुरगुरतो, आणि तो मिड-रेंजमध्ये (मधल्या सुरांत) असल्यामुळे मोबाईलच्या स्पीकरवरही कळतो. स्क्रीम हा दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा, त्याचा बेस एकदम खालचा, मोबाईलवर वरची सिंथची धून तेवढी ऐकू येते, अर्धं गाणं गायबच! चांगले हेडफोन नाहीतर सबवूफर पाहिजेच.

टिकण्याचं म्हणशील तर ड्रॉपची मजा पाठ झाली की ओसरते, स्क्रीमचं मात्र रात्री काम करताना रिपीटवर चालतं.

जिम, पार्टी, मोबाईल असेल तर स्क्रिलेक्स. हेडफोन आणि निवांतपणा असेल तर डोळे झाकून स्क्रीम.