वाटा आजच ठरवायचा की विश्वस्तांवर सोपवायचा?

ट्रस्ट करायचा, म्हणजे आपली मालमत्ता मुलांसाठी सांभाळायला विश्वस्तांच्या हाती द्यायची, म्हटलं की विश्वस्त कोणाला नेमायचं, यावर घरात चर्चा रंगते. खरा प्रश्न त्याच्या आधीचा. मुलांपैकी कोणाला किती, हे आजच लिहून टाकायचं, की पुढे गरज पाहून विश्वस्तांनी ठरवायचं? पहिला निश्चित ट्रस्ट, दुसरा विवेकाधीन. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत दोन्ही चालतात. कराचे नियम देशागणिक वेगळे, त्यामुळे ते इथे घेत नाही.

काही गोष्टी दोन्हींना सारख्याच लागू. हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी या तिन्ही बाबी स्पष्ट हव्यात, हे नाइट विरुद्ध नाइट (१८४०) या खटल्यापासून पक्कं आहे. ‘भावाने भाच्यांकडे बघावं’ ही सदिच्छा झाली, ट्रस्ट नव्हे. आणि विश्वस्ताने स्वतःचं उखळ पांढरं करून घ्यायचं नाही. कीच विरुद्ध सँडफर्ड (१७२६) मध्ये जागामालकाने अल्पवयीन मुलासाठी बाजाराचा भाडेपट्टा वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. मुलाला तसाही तो मिळणार नव्हता! तरी कोर्टाने पट्टा आणि त्यातला नफा मुलाचाच ठरवला.

फरक पडतो तो लाभार्थ्याच्या हाती काय येतं, यात. निश्चित ट्रस्टमध्ये वाटा त्याचा स्वतःचा. तो हक्काने मागता येतो, सहसा विकताही येतो. पण लाभार्थी कर्जात बुडाला, तर त्याला कर्ज देणारे त्या वाट्यावर हात टाकू शकतात. आणि तुमच्या अटीही वाटतात तितक्या भक्कम नसतात. सॉन्डर्स विरुद्ध व्होटिए (१८४१) मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे रोखे मुलाला २५व्या वर्षी द्यावेत, असं मृत्युपत्रात होतं. त्याने २१व्या वर्षी सज्ञान होताच ते मागितले आणि त्याला मिळाले, कारण त्या मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचाच हक्क नव्हता. ‘पंचविशीपर्यंत हात लावू नये’ एवढं लिहून भागत नाही, ते यामुळे.

विवेकाधीन ट्रस्टमध्ये ठरावीक वाटाच नसतो. आपला विचार व्हावा आणि कारभार नीट चालावा, एवढाच हक्क. म्हणून विश्वस्तांनी प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत कर्ज देणाऱ्यांना धरायला फारसं काही सापडत नाही. उधळ्या मुलगा, दीर्घ आजारी मुलगी, अजून जन्मायची नातवंडं यांच्यासाठी हे सोयीचं. यादीही सैल चालते. निश्चित ट्रस्टमध्ये सारखे वाटे करायचे तर सगळे लाभार्थी मोजता यायला हवेत. इथे मॅकफेल विरुद्ध डूल्टन (१९७०) पासून समोरची व्यक्ती त्या गटात बसते की नाही, एवढं खात्रीने सांगता आलं की पुरे.

याची किंमत मात्र मोठी आहे. पैसे का नाकारले, हे सांगायला विश्वस्त सहसा बांधील नसतात आणि प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयात कोर्ट लगेच पडत नाही. मोठा भाऊ विश्वस्तही आणि लाभार्थीही असेल, तर धाकट्याला प्रत्येक नकारात डाव दिसणार.

माझा कल असा: मुलं सज्ञान, हिशेबी आणि एकमेकांच्या ताटात बघणारी असतील, तर निश्चित. एखाद्याच्या पुढच्या गरजेचा अंदाजच येत नसेल, तर विवेकाधीन, पण विश्वस्त किमान दोन आणि त्यातला एक तरी लाभार्थ्यांबाहेरचा. सोबत तुमच्या अपेक्षांचं साधं पत्र ठेवा. ते बंधनकारक नसतं, पण निर्णय घेताना विश्वस्तांना तुमच्या मनात काय होतं, हे कळायला दुसरी जागा नसते.