तीन डॉक्टर, एक लीप : एचपीव्हीच्या उपचारांचे नऊ महिने

जानेवारीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही (संबंधांतून येणारा, पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग करू शकणारा विषाणू) अशा दोन्ही तपासण्या झाल्या. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी दादरच्या पुलावर होते. ‘एचपीव्ही १६ : पॉझिटिव्ह’ एवढंच वाचलं आणि कठड्याला टेकून उभी राहिले. दोन फास्ट गाड्या गेल्या, तरी खाली उतरावंसं वाटेना.

आता ऑक्टोबर आहे. मधल्या काळात तीन डॉक्टर, एक बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), एक लीप (बिघडलेला भाग कापून काढायची छोटी शस्त्रक्रिया) आणि समुपदेशक बाईंकडे सहा वेळा जाणं झालं. मला हवा होता तेव्हा मराठीत लिहिलेला असा सविस्तर अनुभव कुठे सापडला नाही, म्हणून लिहितेय. वय एकोणचाळीस, राहायला मुलुंडला, लेक तेरा वर्षांची.

पहिल्या डॉक्टर घराजवळच्या. लेकीच्या बाळंतपणापासूनची ओळख, त्यामुळे दुसरीकडे जायचं मनातही आलं नव्हतं. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, ‘हा संबंधांतून येतो. मिस्टरांना विचारून घ्या एकदा.’ आणि लगेच, ‘मूल झालंय ना? मग पिशवी काढून टाकू. डोक्याला ताप नको.’ तोपर्यंत गर्भाशयाचं मुख कुणी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघणं) नाही, बायोप्सी नाही, आणि थेट पिशवी काढायची गोष्ट! त्या वेळी मला यातलं काहीच कळत नव्हतं. पिशवीचं पुढचं पुढे बघू असं म्हणून मी घरी आले, पण ‘मिस्टरांना विचारून घ्या’ हे वाक्य माझ्याबरोबर घरात आलं ते आलंच.

पुढचे सतरा दिवस माझ्या लग्नातले सगळ्यात वाईट दिवस होते. नवरा झोपला की मी त्याचा फोन उघडायचे. चौदा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. लेकीचा टॉवेल वेगळा केला, तिचा साबण वेगळा ठेवला, तिला माझ्या ताटात जेवू देईना. सासूबाईंनी दोनदा विचारलं, ‘अगं, काय झालंय तुला?’ मी ॲसिडिटी म्हणाले. नवऱ्याला शेवटी सांगितलं ते भांडणातच. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘तुला असं वाटतंय माझ्याबद्दल?’ त्याचा तो चेहरा आजही डोळ्यांपुढे आहे.

हे टाळता आलं असतं. एचपीव्ही शरीरात कित्येक वर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी हा विषाणू गाठतोच, आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत तो स्वतःच हटवतं. एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. ही चार वाक्यं पहिल्याच दिवशी सांगायला त्या डॉक्टरांना किती वेळ लागला असता?

दुसऱ्या ठिकाणाबद्दल थोडक्यात. इंटरनेटवर चकचकीत दिसणारं क्लिनिक. तिथे प्रतिकारशक्तीच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स दिला आणि ‘लस घ्या, रिपोर्ट निगेटिव्ह होईल’ असं सांगितलं. लस पुढच्या संसर्गापासून वाचवते, आधीच झालेला संसर्ग ती घालवत नाही. शरीरातून हा विषाणू काढणारं औषधच अजून नाही. उपचार होतो तो त्याने बिघडवलेल्या पेशींवर. गोळ्यांचे पैसे गेले. त्याहून जास्त वाईट वाटलं ते महिनाभर आपण काहीतरी करतोय अशी खोटी समजूत घेऊन बसले याचं.

तिसऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवलं ते आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. त्यांनी एकच विचारलं, ‘कोल्पोस्कोपी केली का कुणी?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर चांगल्या असल्या तरी या कामाला पुरतीलच असं नाही. कोल्पोस्कोपी नेहमी करणाऱ्या कुणाकडे तरी जा.’ खर्चाची अडचण असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये प्रतिबंधात्मक कर्करोग विभाग आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी दादरच्या एका स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञांची वेळ घेतली. या वेळी मात्र वहीत प्रश्न लिहून नेले. कोल्पोस्कोपी तुम्ही स्वतः करता का, आणि महिन्याला साधारण किती? बायोप्सीच्या आधी उपचार ठरवणार का? बदल अगदी सौम्य निघाले तर थांबायची तयारी आहे का? रिपोर्ट समजावून कोण सांगणार, तुम्ही की काउंटरवरचं माणूस?

मी वही उघडली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली नाही. त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. माझ्यासाठी डॉक्टरांची निवड तिथेच झाली. बाकी पाटीवरच्या पदव्या मी नंतर वाचल्या.

प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे त्यांनी चित्र काढून दाखवलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी साधारण ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, म्हणून १६ कडे दुर्लक्ष करायचं नाही. पण संसर्ग टिकून राहिला तरी कर्करोगापर्यंत पोचायला सहसा १५ ते २० वर्षं जातात. ‘म्हणजे आपल्याकडे वेळ आहे, तुमच्या मनात आत्ता चाललीय तेवढी घाई नाही.’ मग माझ्या नवऱ्याकडे बघून, मी न विचारताच म्हणाल्या, ‘आणि यात कुणाचा दोष शोधायला जाऊ नका. तो सापडतच नाही.’ त्याने मान खाली घातली. त्याच्यावरून केवढं ओझं उतरलं ते मला तेव्हा कळलं.

कोल्पोस्कोपीत दुखतं का, हे सगळ्याजणी विचारतात. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन) आत असतो, पाळीच्या पहिल्या दिवशी ओढ लागते तसं ओटीपोटात वाटतं, आणि बायोप्सीचा चिमटा लागतो तेव्हा अंग दचकतं. साधारण पंधरा मिनिटं. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे खोलीत चक्क व्हिनेगरचा वास येतो. पेशी बिघडलेल्या असतील तर तो भाग पांढरा दिसतो. सिस्टरने माझा हात धरला होता. माझं लक्ष दुसरीकडे वळवायला डॉक्टर सांगत होत्या, की याच मुंबईत टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन झोपडपट्ट्यांमध्ये याच व्हिनेगरने तपासण्या करून घेतल्या. सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास होता तो. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा, तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. त्या टेबलावर पाय वर करून पडलेली असताना मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नव्हे. कुणीतरी बाई व्हिनेगरची बाटली घेऊन दारोदारी गेली असेल, हे डोळ्यांपुढे आलं म्हणून.

बायोप्सीत सिन-३ निघालं. हा कर्करोग नाही. कर्करोग होण्याच्या आधीची, पेशी बऱ्यापैकी बिघडल्याची पायरी. यावर थांबायचं नसतं. मार्चमध्ये लीप केली : विजेच्या तारेच्या बारीक कडीने तेवढा भाग कापून काढतात. माझी फक्त तिथेच भूल देऊन झाली, सकाळी गेले आणि दुपारी घरी. काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. मांडीला एक चिकट पॅड लावतात. भुलेच्या इंजेक्शननंतर दोन मिनिटं छाती धडधडते, ते इंजेक्शनमधल्या औषधामुळे. धूर ओढणाऱ्या नळीचा आवाज येतो आणि थोडा जळका वास येतो. डॉक्टरांनी हे सगळं आदल्या भेटीत सांगितलं होतं, त्यामुळे एकेक गोष्ट झाली की मी मनात खूण करत गेले. मेडिक्लेमसाठी ‘डे-केअर’मध्ये बसतं का ते विमा कंपनीला आधी विचारून ठेवा.

नंतरचे दिवस. रक्त थांबवायला लावलेल्या पेस्टमुळे पहिले काही दिवस चहाच्या चोथ्यासारखा काळपट स्राव जातो. घाबरू नका. मग पाणी पाणी जातं, पॅड लागतातच. दहाव्या-बाराव्या दिवशी खपली सुटते तेव्हा थोडं रक्त जातं. माझं ते नेमकं लोकलमध्ये झालं. लेडीज डब्यातल्या एका अनोळखी बाईने काही न विचारता ओढणी दिली आणि स्वतः उभी राहून मला बसवलं. दर तासाला पॅड भिजत असेल, ताप असेल किंवा वास येत असेल तर मात्र लगेच फोन करायचा. चार आठवडे शरीरसंबंध नाही, पोहणं नाही, वजन उचलणं नाही.

मनाचं बरं व्हायला शरीरापेक्षा जास्त दिवस लागले. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे कडांवर बिघडलेल्या पेशी नसल्याचा, रिपोर्ट आला तरी मी रात्री दोनला उठून तोच रिपोर्ट पुन्हा उघडत होते. चार आठवडे उलटले तरी नवऱ्याने जवळ घेतलं की अंग आखडायचं. मी घाण झालेय, असं वाटायचं. हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो समुपदेशक बाईंसमोर. त्यांनी तो पुसायची घाई केली नाही, तो शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकला ते विचारलं. आमच्या लहानपणी पाळीत आजी हाच शब्द वापरायची. तिथपर्यंत पोचल्यावर पुष्कळ गोष्टी सुटत गेल्या. त्यांनी दिलेली एक सवय अजून पाळते. काळजी करायची वेळ ठरवून घेतलीय, रात्री साडेआठ ते पावणेनऊ. दिवसभरात मनात आलेलं वहीत लिहायचं आणि त्या पंधरा मिनिटांत वाचायचं. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पुरत नव्हती. जूनपर्यंत मी वही घेऊन बसायचे आणि पान कोरं असायचं. ज्यांना समुपदेशकाकडे जाणं जमत नाही, त्यांनी सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे.

नवऱ्याशी बोलणं सुरू झालं ते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, घरी नाही. मी त्याचा फोन बघत होते हे त्याला सांगितलं. त्याला माहीत होतं. ‘बघू दे म्हटलं, निदान तुझी खात्री होईल,’ एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. सासूबाईंना मी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. सगळ्यांना सांगायलाच हवं असा नियम नाही.

सप्टेंबरमध्ये, गणपती गेल्यावर, सहा महिन्यांची तपासणी झाली. एचपीव्ही निगेटिव्ह. आता पुढली तीन वर्षं दर वर्षी तपासणी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं ठरावीक अंतराने. सिन-३ झालेल्या बाईने तपासणी सोडायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. त्यांच्याबद्दल तक्रार एकच, अपॉइंटमेंट असूनही दीड-दोन तास बसावं लागतं. ते मी सहन करते, कारण आत गेल्यावर त्या मलाही तेवढाच वेळ देतात.

एप्रिलमध्ये लेकीला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीचा पहिला डोस दिला. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. दवाखान्याबाहेर उसाचा रस पिताना तिने विचारलं, ‘आई, तुला झाला होता का हा?’ मी हो म्हटलं. ‘म्हणून तू माझा टॉवेल वेगळा केला होतास?’ पुन्हा हो म्हटलं, आणि ते चुकीचं होतं हेही सांगितलं. तिने ग्लास संपवला आणि घरी आल्यावर स्वतःचा टॉवेल परत माझ्या टॉवेलशेजारी टांगला. शनिवारी तिचा दुसरा डोस आहे.