बँकेचा लॉकर: भाडं जागेचं, हमी शंभरपट भाड्याची

दागिने लॉकरला गेले की घरातले म्हणतात, 'आता ते बँकेच्या ताब्यात आहेत.' करारनामा तसं म्हणत नाही. लॉकरच्या दोन किल्ल्या असतात, एक भाडेकरूची आणि दुसरी बँकेची. आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसतं, त्याची यादी ती ठेवत नाही आणि त्या ऐवजाचा विमाही तिच्याकडून मिळत नाही. तुम्ही भाडं भरता ते त्या कप्प्याचं.

खरोखर ताब्यात देण्याची सोय बँकांकडे वेगळी असते. तिला काउंटरवर 'सेफ कस्टडी' म्हणतात. मोहोरबंद पाकीट किंवा पेटी बँकेकडे सोपवायची आणि पावती घ्यायची. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 148 मध्ये विशिष्ट हेतूसाठी वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याची जी तरतूद आहे, तिच्यात हा व्यवहार सरळ बसतो. कलम 151 प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी बँकेला घ्यावी लागते. मृत्युपत्र, मुदत ठेवींच्या पावत्या, जमिनीचे मूळ दस्त अशा क्वचित लागणाऱ्या कागदांना ही सोय लॉकरपेक्षा बरी. मात्र सगळ्याच शाखा ती देत नाहीत. लग्नसराईत दोनदा काढायच्या दागिन्यांना ती उपयोगाची नाही.

लॉकरचे आजचे नियम रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकातून आले आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. त्याआधी फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, ग्राहकाला न कळवता लॉकर फोडणाऱ्या बँकेला 5 लाखांची भरपाई द्यायला लावली होती आणि नियम करायला रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांची मुदत दिली होती. आता आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांतून नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी चालू वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं 2000 रुपये असेल तर 2 लाख. सोन्याचा तोळा लाखापुढे गेलेला असताना या रकमेत दोन तोळेसुद्धा धड बसत नाहीत. ऐवज त्याहून मोठा असेल तर विमा कंपनीकडून वेगळं संरक्षण घ्या आणि दागिन्यांच्या पावत्या व फोटो लॉकरबाहेर ठेवा.

भूकंप, पूर आणि वीज यांत मात्र बँकेच्या निष्काळजीपणाचा प्रश्न नसेल तर भरपाई नाही. चिपळूण, सांगली, कोल्हापूरकडे शाखा निवडताना लॉकरची खोली कोणत्या मजल्यावर आहे हे आधी विचारा. भाड्यात शंभर-दोनशेची घासाघीस करण्यापेक्षा हे महत्त्वाचं.

लॉकर घेताना बँक तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव मागू शकते, त्याहून जास्त नाही. विमा पॉलिसी घेतल्याशिवाय लॉकर नाही असं कुणी म्हणालं तर लेखी नकार मागा; बोलणारा बहुधा तिथेच थांबतो. लॉकर रिकामे नसतील तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक बँकेने द्यायचा असतो. सही झालेल्या कराराची प्रत घरी न्या. लॉकर उघडला की त्याच दिवशी एसएमएस यायला हवा, म्हणून जुना मोबाइल क्रमांक आधी बदलून घ्या. स्ट्राँगरूमच्या दाराचं सीसीटीव्ही चित्रण किमान 180 दिवसच ठेवायचं बंधन आहे. वर्षातून एकदाच लॉकर पाहणाऱ्याला कमी-जास्त आढळेल तेव्हा ते पुसलेलं असू शकतं. तक्रार असेल तर चित्रण राखून ठेवा असा अर्ज लगेच द्या.

सलग तीन वर्षं भाडं थकलं की बँक नोटीस देऊन लॉकर फोडू शकते. हे लोकांना माहीत असतं. भाडं नियमित वळतं होत असलं तरी सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि भाडेकरूचा ठावठिकाणा लागत नसेल, तरीही तो फोडता येतो, हे परदेशी राहणाऱ्यांच्या ध्यानात नसतं. फोडताना बँकेचा अधिकारी व दोन स्वतंत्र साक्षीदार हजर हवेत, चित्रीकरण हवं आणि सापडलेल्या वस्तूंची यादी व्हायला हवी.

नामनिर्देशन टाळू नका. भाडेकरूच्या मृत्यूनंतर दावा आला की बँकेने तो 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. नॉमिनीला वस्तू मिळतात त्या वारसांच्या वतीने, मालकी त्याची होत नाही. दोघांच्या नावावर लॉकर असेल तर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' ही सूचना करारात आहे का ते पाहा. नसेल तर दुसऱ्या भाडेकरूच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्याला नॉमिनीला किंवा वारसांना सोबत घेऊन जावं लागतं.