माथेरानची घोडेस्वारी : खोगिरावरून आणि पायवाटेवरून

माथेरानला मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्यामुळे तिथून बाजारपेठेपर्यंत अमन लॉज स्थानकावरून सुटणारी छोट्या रेल्वेची शटल, ई-रिक्षा, घोडा किंवा आपले पाय एवढेच पर्याय उरतात. मी घोड्यावरून पॉइंटांची फेरी केली आणि नंतर त्याच वाटा पायी तुडवल्या. त्यामुळे हा अभिप्राय दोन्हीकडून आहे.

स्वारी म्हणून सेवा उत्तम. घोडा निगुतीने राखलेला होता, घोडेवाला लगाम धरून शेजारून चालत होता आणि उतार लागण्याआधीच त्याने मागे रेलून बसायला व रिकिबीत केवळ चवडा ठेवायला सांगितले. हेल्मेट मागितल्यावर मिळाले. ते न मागता मिळायला हवे. भाडे ठरवताना मात्र कोणते पॉइंट आणि कुठे किती वेळ उतरता येईल, हे बोलून घ्यावे, कारण आमचे काही पॉइंट घोडा न थांबवता लांबूनच ‘दाखवून’ झाले.

पायी निघाल्यावर दुसरी बाजू कळते. हा डोंगरमाथा जांभ्याचा आहे आणि लोखंडी नाल ठोकलेल्या टापांखाली वरचा थर सुटून त्याचा भुगा होतो. उन्हाळ्यात या तांबड्या धुळीत वाळलेल्या लिदीची पूड मिसळते आणि ती नाकातोंडात जाते. पावसाळ्यात हीच सुटी माती पाण्याबरोबर उतरून वाटेच्या मधोमध घळ पाडते. एका वळणावर झाडाचे मनगटाएवढे मूळ वाटेवर आडवे उघडे पडले होते, त्याची साल पार गेलेली आणि लाकडावर नालेच्या अर्धगोल खुणा उमटलेल्या. मागून घोड्यांची रांग आली की चालणारे कडेच्या झुडपांत चढतात, झुडपे मरतात आणि वाट हातभर रुंद होते. शार्लोट तलाव हा पिण्याच्या पाण्याचा साठा असल्याने त्या बाजूची लीद वेळच्या वेळी उचलली जाणे अधिकच गरजेचे आहे.

दोष घोडेवाल्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असलेल्या या गावात माणसांबरोबर सामानही घोड्यांवरून येत राहिले आहे. मातीच्या पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते, ही त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2025 मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवायला मुभा दिली आणि अंतर्गत रस्त्यांवर मनाई केली. मला हा निवाडा रास्त वाटतो, मात्र त्यामुळे आतल्या मातीच्या वाटांची निगा राखण्याची जबाबदारी वाढते. पाणी बाजूला काढणारे दगडी आडबंध जागोजागी घालावेत, पावसाळ्यात अरुंद वाटा घोड्यांना बंद ठेवाव्यात आणि कड्यालगतच्या शेवटच्या टप्प्यात स्वारांना उतरवून पायी न्यावे. शेवटची सूचना घोडेवाल्यांना आजच अमलात आणता येईल, शिवाय जनावरालाही तेवढीच विश्रांती मिळेल.

स्वारीला पाचपैकी चार गुण, वाटांना दोन. ज्यांना पायी फिरायचे आहे त्यांनी रविवार टाळावा आणि सकाळी लवकर, पर्यटकांची पहिली शटल येण्यापूर्वी निघावे; बूट घोट्यापर्यंतचे असावेत आणि पांढरे कपडे घरीच ठेवावेत.