प्रयोगशाळा, रेडिओथेरपी की संशोधन: विज्ञान पदवीधराने रुग्णसेवेत कोठून शिरावे?

एमबीबीएस न करता रुग्णसेवेत शास्त्रज्ञ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यासमोर मुख्यतः तीन वाटा असतात. त्यांची तुलना बहुधा पगारावरून केली जाते. माझ्या मते आपल्या कामावर अखेरची सही कोणाची असणार, हे आधी पाहावे.

निदान प्रयोगशाळेची वाट सर्वांत रुंद आहे. मेडिकल बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलेल्यांना शहरातील रुग्णालयांत आणि खासगी लॅबमध्ये काम मिळू शकते, आणि ते काम बाहेरून दिसते तितके यांत्रिक नसते. रुग्णांचे नमुने मशीनवर लावण्यापूर्वी कंट्रोल, म्हणजे मूल्ये आधीच ठाऊक असलेला नमुना, चालवून त्याची मूल्ये मर्यादेत आहेत ना, हे पाहावे लागते. एखाद्याचे रक्तातील पोटॅशियम 7, म्हणजे धोकादायक इतके जास्त आले, तर सीरम (रक्तातून वेगळा केलेला पातळ द्रव) लालसर आहे का, म्हणजे नमुना घेताना पेशी फुटून आकडा फुगला आहे का, हे तपासूनच पुढचा निर्णय घ्यावा लागतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही आवश्यक ठरवली. पुढे 2020 मध्ये केंद्राच्या नियमांनी एमएस्सीधारकांना सहीसाठी काही वाव दिला, तरी निष्कर्षांचा अर्थ लावून मत नोंदवण्याचा अधिकार दिला नाही. ज्याला हे खुपेल, त्याने ही वाट धरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मेडिकल फिजिसिस्टचे, म्हणजे किरणोपचारातील मोजमापे सांभाळणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाचे स्थान याहून भक्कम आहे, कारण अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार रेडिओथेरपी केंद्राला तो नेमावाच लागतो. भौतिकशास्त्रातील एमएस्सीनंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि त्यानंतर इंटर्नशिप हा त्याचा परिचित मार्ग आहे. पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी लिनॅकमधून, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्रातून, ठरलेलाच डोस बाहेर पडतो की नाही, हे तो मोजतो. उपचाराचा आराखडा कॅन्सरतज्ज्ञ मंजूर करत असला, तरी मोजमापाची जबाबदारी त्याचीच असते. जागा मोजक्या असतात आणि त्यासाठी पुणे सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

संशोधनासाठी मात्र पुण्यासारखे गाव नाही. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि विद्यापीठाच्या आवारातील एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) येथे पीएचडी करता येते, आणि नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये अधिक घरभाडे भत्ता मिळतो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा त्यांचे नमुने याच विषाणुविज्ञान संस्थेत तपासले गेले होते. पण एरवी उत्तर मिळायला वर्षे लागतात आणि रुग्ण समोर नसतो.

ब्रिटनला जाऊन क्लिनिकल सायंटिस्ट व्हायचे असेल, तर तेथील एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेच्या नोंदणीच्या अटी आधी वाचाव्यात आणि एमएस्सीचा विषय त्यानंतर ठरवावा. ते पदनाम तेथे नोंदणीशिवाय वापरता येत नाही.